आमचुराखालचा रंग

नंदुरबारच्या जुन्या वस्तीत, मशिदीमागच्या बोळात जाहिद मणियारचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. दुकानातून आत गेलं की तांब्याच्या तारांचा आणि वॉर्निशचा वास मागे पडतो आणि एक खोली लागते. तिथे खिडकीशी त्याची बायको अतिका काम करत बसलेली असते. तिच्या टेबलाला टेबल म्हणायचं ते केवळ सवयीने. ती एक लोखंडी पेटी आहे. पेटीवर प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर लॅपटॉप. पेटी तिच्या वडिलांची. वाहिदभाई चाळीस वर्षं ती पेटी घेऊन तळोदा, म्हसावद, खापर असे बाजार करत बांगड्या विकायचे. पुढे हात थरथरू लागला तसा त्यांनी धंदा सोडला. काचेच्या बांगडीला थरथरता हात चालत नाही. आता ते लेकीकडेच राहतात आणि दिवसाचा बराच वेळ त्या पेटीशेजारी खुर्ची टाकून बसतात.

बोळातलं कुणी विचारतं, "चाचा, अतिका दिवसभर त्या मशीनवर करते तरी काय?"

"मी हात सजवायचो, ती दुकानं सजवते," वाहिदभाई सांगतात. "फरक एवढाच, की तिच्या दुकानात चप्पल काढून शिरता येत नाही."

तसं पाहिलं तर त्यांचं सांगणं बरोबरच आहे. हल्ली वेबसाइट कुणी पायापासून बांधत नाही. वर्डप्रेससारखी तयार व्यवस्था घ्यायची, तिच्यावर 'थीम' नावाचं तयार रूप चढवायचं, मजकूर आणि फोटो भरायचे, की साइट उभी. पण तयार रूप सगळ्यांना सारखंच असतं. मिरचीच्या व्यापाऱ्याला शोभेल ते दातांच्या दवाखान्याला शोभत नाही. मग ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे रंग बदलायचे, अक्षरं लहानमोठी करायची, चौकटी सरकवायच्या, नको ते झाकायचं. अतिका हे काम करते. तिचं स्वतःचं एक गणित आहे. साइट म्हणजे हात आणि थीम म्हणजे बांगडी. चढवताना हात दुखता कामा नये, आणि चढवल्यावर बांगडी जन्मापासून तिथेच होती असं वाटलं पाहिजे.

या कामाकडे ती फार सरळ वाटेने आली नाही. लहानपणी सुट्टीत ती वडिलांबरोबर बाजाराला जायची. वाहिदभाई घरात हिंदी बोलत, पण बाजारात पाय ठेवला की अस्सल अहिराणी. समोर एखादी नवी नवरी हात आवळून बसली, की ते म्हणत, "बहीण, हात ढिला सोड. हाई बांगडी तुन्हीच शे, ती कोठे जाई नही ऱ्हायनी." नवरी हसली की हात सैल पडे आणि बांगडी मनगटावर गेलेली असे. अतिका मांडीला मांडी लावून हे सगळं बघत बसायची. आपण काही शिकतो आहोत असं तिला तेव्हा वाटलं नाही, वडिलांनाही वाटलं नसावं.

बारावीनंतर लग्न झालं, आणि मुलं शाळेत जाऊ लागल्यावर तिने बसस्टँडजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात अकरा वर्षं काम केलं. वाढदिवस, निवडणूक, लग्न, दहावा. पिवळ्यावर लाल, लालवर पिवळं, आणि कोपऱ्यात गोल फोटोंची रांग. एकदा एका गिऱ्हाइकाने तिला ऐकवलं होतं, "ताई, अजून एक रंग टाका ना, एवढी जागा मोकळी राहिलीय." त्या दिवशी घरी येऊन ती जाहिदला म्हणाली, "मला आता काहीतरी पांढरं बघायचंय." जाहिदने तिला चुन्याचा डबा दाखवला. पण पुढच्याच महिन्यात त्याने हप्त्यावर एक जुना लॅपटॉप आणला आणि पेटीवर ठेवला.

मोबाइलवर धडे बघत ती वर्षभर शिकली. त्या वर्षात तिला एका गोष्टीचा लळा लागला. थीमच्या फाइली उघडल्या, की आज्ञांच्या दोन ओळींमध्ये कुठेकुठे कुणीतरी चिठ्ठी लिहून ठेवलेली असायची. 'इथला आकडा बदलाल तर लहान पडद्यावर सगळं विस्कटेल, सांभाळा.' यंत्र या चिठ्ठ्या वाचत नाही, त्या वगळून पुढे जातं. साइट बघणाऱ्यालाही त्या दिसत नाहीत. त्या फक्त मागून काम करायला येणाऱ्या माणसासाठी असतात. कुठल्या मुलखातल्या कुणा अनोळखी माणसाने नंदुरबारच्या अतिकाला सावध करून ठेवलं होतं, याचं तिला फार अप्रूप वाटे. अशा चिठ्ठ्या तिने एका वहीत मराठीत उतरवून काढल्या. ती वही अजून आहे.

तरी पहिल्याच कामात ती फसली. खापरच्या सुकलालशेठच्या किराणा दुकानाची साइट होती. तिने थीमच्या मूळ फाइलीतच रंग बदलले. महिन्याभराने थीमची सुधारलेली आवृत्ती आली, मूळ फाइल नवी झाली आणि तिचं सगळं काम पुसलं गेलं. सकाळी सात वाजता फोन. "अतिकाताई, मन्हा दुकानना रंग कोन चोरी लई गया?" तिने माफी मागितली आणि दोन दिवसांत सगळं पुन्हा उभं केलं, या वेळी आपले बदल मूळ फाइलीपासून वेगळे ठेवून. सुकलालशेठनी ते काम काढून घेतलं नाही, उलट आपल्या तीन ओळखीच्यांना तिचा नंबर दिला. हे ती आजही सांगते आणि सांगताना आवाज जरा खाली आणते.

तोरणमाळचं आमचूर तिच्याकडे आलं ते असंच, ओळखीतून. शहादा ते तोरणमाळ जीप चालवणारा वीरसिंग पावरा सुकलालशेठच्या पुतण्याचा दोस्त. वीरसिंगची मावशी रूपलीबाई. पठारावरच्या त्यांच्या पाड्यात सोळा घरं कैरीच्या फोडी वाळवून आमचूर करतात. दर वर्षी एका व्यापाऱ्याचा टेम्पो घाट चढून येई आणि तो म्हणेल तसा माल उचलून नेई. यंदा बायकांनी गट केला आणि रूपलीबाईंनी ठरवलं, आपला माल आपण दाखवायचा, आपण विकायचा. वीरसिंगने साइट घेतली, अतिकाने तिला रूप दिलं.

ते रूप तिने अगदी मनापासून दिलं होतं. अकरा वर्षं पिवळ्या-लालात काढलेल्या बाईने इथे सगळं पांढरं केलं. पांढरं पान, बारीक करडी अक्षरं, चहूबाजूंनी ऐसपैस मोकळी जागा. वीरसिंगने आणून दिलेल्या आमचुराचा फोटोही तिने घरच्या पांढऱ्या चादरीवर काढला. धड्यांमध्ये असंच सांगितलं होतं. तिला स्वतःला ते इतकं आवडलं, की दोन दिवस ती ते पान उघडून नुसती बघत होती.

मे संपता संपता, एका सोमवारी वीरसिंगने तिला एक बोललेला निरोप पाठवला. नाशिकला मसाले करणाऱ्या मोहिनीताई म्हणून होत्या. त्या पूर्ण हंगामाचा माल घेतील अशी आशा होती. निरोप त्यांचाच होता. "वीरसिंगभाऊ, साइट पाहिली. आमचूर पिवळं दिसतंय, मला तर गेल्या वर्षीचं वाटतंय. मला यंदाचं पांढरं पाहिजे. फोटोतच असं असेल तर नमुना मागवून काय करू? शुक्रवारपर्यंत थांबते, नाहीतर दुसरीकडे सांगते."

मागोमाग वीरसिंग स्वतःच आला. दुकानातून आत येता येताच म्हणाला, "ताई, लोचा झाला."

"माल खरंच यंदाचा आहे ना?"

"अहो, मावशीला हे विचारून दाखवा! घाटावरून खाली ढकलेल." मग तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "टेम्पोवाला आला होता. मावशीने त्याला परत पाठवलं. सोळा घरांना सांगितलं, कुणी द्यायचं नाही, मी विकून देते. आता हवेत ओल यायला लागलीय. आमचूर सादळलं की काळं पडतं, मग ते कुणीच नेत नाही. आणि टेम्पोवाला काही पुन्हा घाट चढणार नाही."

अतिकाने पान उघडलं. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर आमचुराच्या फोडी होत्या. आज पहिल्यांदा तिला त्या मोहिनीताईंच्या डोळ्यांनी दिसल्या. पिवळट होत्या. कावीळ झाल्यासारख्या.

"फोटो गोरा करून टाका ना," वीरसिंग म्हणाला. "लग्नाच्या अल्बमात नवरी करतात तसा."

तिला ते पटलं नाही, पण शुक्रवार डोळ्यांसमोर होता. मंगळवारी तिने फोटो उजळून बघितला. फोडी तांदळासारख्या दिसू लागल्या. तिने तो साइटवर चढवला नाही, नुसता लॅपटॉपमध्ये ठेवला, आणि बुधवारी वीरसिंगच्या जीपमध्ये बसून निघाली. जाहिदने डबा दिला. वाहिदभाईंनी विचारलं, "म्हसावदवरून जाल ना? बाजारातलं ते चिंचेचं झाड आहे का बघ." तिने पांढरी चादर घडी करून पिशवीत घातली. नवे, स्वच्छ फोटो काढायचे असा तिचा बेत होता.

जीप घाटाची वळणं चढत गेली. वर पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. रूपलीबाई अंगणातल्या खडकावर पसरलेल्या फोडी हाताने उलटत होत्या. साठीच्या, काटक, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्यावरून नजर न हलवणाऱ्या. घरात त्या पावरी बोलत, अतिकाशी बाजारातून उचललेल्या मराठीत.

"तूच ती मोबाइलवाली?"

"हो, मावशी."

"दाखव. माझं आमचूर कसं आजारी पडलं ते दाखव."

ओसरीच्या सावलीत लॅपटॉप उघडला. अतिका काही बोलायच्या आत वीरसिंगने उजळलेला फोटो पुढे केला. "हे बघ मावशी, औषध पण दिलंय."

रूपलीबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग उठून खडकावरची एक फोड आणली आणि पडद्याला टेकवून धरली.

"हे कोणाचं आमचूर?"

"तुझंच. जरा गोरं केलंय."

"मग ते मागितलं तर द्यायचं कुठून? ह्याच्यातून काढून?" त्यांनी लॅपटॉपच्या झाकणावर बोटाने टकटक केलं.

वीरसिंग हसायला गेला आणि थांबला. अतिकाचे कान तापले. तिने रूपलीबाईंच्या देखत तो फोटो पुसून टाकला आणि पिशवीतून चादर काढली. खडकाच्या कडेला ती पसरली आणि फोडी मांडायला घेतल्या.

"पांढऱ्यावर नको गं," रूपलीबाई म्हणाल्या. "पांढऱ्यावर कोण मांडतं?"

"स्वच्छ दिसतं ना, मावशी."

"चादर स्वच्छ दिसते. तू चादर विकते का?"

त्या अंगणाच्या टोकाला गेल्या. तिथल्या पळसाची चार रुंद पानं तोडून आणली, चादरीशेजारी जमिनीवर अंथरली आणि त्याच फोडी, तिच्या चादरीवरच्या, उचलून पानांवर ठेवल्या. अतिका बघत राहिली. ऊन तेच, फोडी त्याच. पण हिरव्या पानावर त्या पांढऱ्या झाल्या होत्या, नुकत्या सोललेल्या लसणासारख्या.

"बाजारात असंच मांडते मी," रूपलीबाई म्हणाल्या. "माझी आई पण असंच मांडायची. पांढऱ्याजवळ पांढरं ठेवलं की त्याची लाज निघते. खोटं काही नाही ह्यात. माल तोच."

अतिका चादरीवर तशीच बसून राहिली. तिला आठवलं ते म्हसावदच्या बाजारातलं वडिलांचं फडकं. काळ्या मखमलीचं. गिऱ्हाइकाने फिकी बांगडी मागितली, की वाहिदभाई खिशातून ते फडकं काढून मांडीवर पसरत आणि त्यावर ती बांगडी ठेवत. गडद बांगडी मागितली तर फडकं खिशात जाई आणि पांढरा रुमाल बाहेर येई. शेकडो वेळा तिने ते पाहिलं होतं. ते फडकं आजही त्या पेटीत होतं, आणि त्याच पेटीवर बसवलेल्या लॅपटॉपवर तिने फिक्या मालाखाली पांढरा रंग घातला होता.

"काय झालं?" रूपलीबाईंनी विचारलं.

"काही नाही, मावशी. मी बांगडीवाल्याची मुलगी आहे."

"मग तुला माहीतच असंल."

"माहीत होतं," अतिका म्हणाली.

पानांवरच्या आमचुराचे तिने नवे फोटो काढले आणि लॅपटॉपमध्ये घेतले. पण तेच फोटो साइटच्या पांढऱ्या पानाच्या नमुन्यात ठेवून बघितले, तर फोडी पुन्हा मलूल. पळसाचं पान पडद्यावर तळहाताएवढं आणि भोवती सगळं पांढरं आवार. नुसता फोटो बदलून भागणार नव्हतं. पूर्ण पानच पळसाचं करायला हवं होतं.

पठारावर नेटवर्क नव्हतं, पण रंग निवडायला ते लागत नाही. तिने एक कोरं पान उघडलं, त्यात रंगाचा आकडा भरला आणि पडदा हिरवा केला. रूपलीबाईंनी पळसाचं पान शेजारी धरलं.

"हा पोपट झाला."

आकडा बदलला. "हा शेवाळ." पुन्हा बदलला. "हा जवळ आला. पण मी धरलंय ते पानाचं पोट आहे, पाठ फिकी असते. तू पाठ केली. पोट कर." अतिका एकेक आकडा खाली आणत गेली. अकराव्या की बाराव्या वेळी रूपलीबाईंनी पान पडद्याला टेकवलं, मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "बस. आता हलवू नको."

गटाच्या बायकांचा साइटवरचा फोटो लॅपटॉपमध्येही होता. अतिकाने तोही त्या रंगावर ठेवून दाखवला. वीरसिंग ओरडला, "मावशी, तू पण उजळली!"

"मी काळीच बरी," रूपलीबाई म्हणाल्या. "आमचूर गोरं असू दे."

निघताना त्यांनी नमुन्याची एक पिशवी बांधून वीरसिंगकडे दिली. मागवलं नव्हतं तरी दिली. "लागंल," एवढंच म्हणाल्या.

गुरुवारचा पूर्ण दिवस कामात गेला. मागचा रंग बदलणं सोपं, पण एक रंग हलला की दहा ठिकाणी तोल जातो. करडी अक्षरं हिरव्यात बुडाली, ती साईसारखी फिकी करावी लागली. थीमने जागोजागी पांढऱ्या चौकटी बसवल्या होत्या, त्या एकेक शोधून काढाव्या लागल्या. मागणीचं बटण दिसेनासं झालं, त्याला हळदीचा रंग दिला. दुपारी तिने वडिलांना विचारलं, "अब्बा, ते काळं फडकं तुम्हाला कुणी शिकवलं?"

वाहिदभाई तिच्याकडे बघतच राहिले. "आत्ता विचारतेस?"

"आत्ताच सुचलं."

"माझ्या मामूंनी. लॅपटॉप उचल."

तिने लॅपटॉप आणि प्लायवूड उतरवलं. त्यांनी पेटी उघडली, तळातून फडकं काढलं, झटकलं आणि तिच्या मांडीवर पसरलं. अतिकाने नमुन्यातल्या चार फोडी त्यावर ठेवल्या.  वाहिदभाईंनी बोटाने दोन फोडी एकमेकींपासून जरा दूर केल्या. "खेटून ठेवू नको. दोन बांगड्यांच्या मध्ये काळं दिसलं पाहिजे, तरच बांगडी दिसते." तिने काम परत मांडलं तेव्हा साइटवरच्या फोटोंमधली जागाही थोडी वाढवली. ते बरोबर होतं.

संध्याकाळी जाहिदने आपला काच तडकलेला फोन घेऊन दुकानाबाहेर, तिरप्या उन्हात साइट उघडली. "माझ्या फोनवर दिसली म्हणजे जगात कुठेही दिसेल," तो म्हणाला. अक्षरं वाचता येत होती. आमचूर लांबूनही उठून दिसत होतं. अतिकाने बदल खुले केले आणि वीरसिंगने मोहिनीताईंना दोन ओळींचा निरोप धाडला.

शुक्रवारी सकाळी मोहिनीताईंचा फोन अतिकालाच आला.

"तुम्हीच साइट बघता ना? एका दिवसात आमचूर पांढरं कसं झालं? खरं सांगा."

अतिकाने खरं सांगितलं. "फोटो परवाचे आहेत, काही फिरवाफिरव केलेली नाही. आधी मी माल पांढऱ्यावर दाखवला होता, ती माझी चूक. पाड्यातल्या बाया पळसाच्या पानावर मांडतात, तसं आता केलंय. माल तोच आहे, ताई."

पलीकडून उत्तर आलं, "नमुना पाठवा."

"पाठवलाय," अतिका म्हणाली. "रात्रीच एसटीच्या पार्सलने निघाला." तो रूपलीबाईंनी न मागता बांधून दिला होता. त्या क्षणी तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

शनिवार, रविवार कसे गेले ते जाहिदला विचारावं. तिने दोनदा भाजीत मीठ घातलं आणि एकदा घातलंच नाही. सोमवारी दुपारी मोहिनीताईंचा आवाज आला. "पिशवी उघडली. साइटवर पाहिलं तेच हातात आलं. खरं तर जरा उजळच आहे. सोळाच्या सोळा घरांचं पाठवा. आणि त्या बाईंना सांगा, पुढच्या वर्षी फोटोसाठी थांबणार नाही, आधी मलाच विचारा म्हणावं."

दोन दिवसांनी जीप घाट उतरली ती गच्च भरून. टपावर ताडपत्री, आत गोण्या आणि गोण्यांच्या मध्ये रूपलीबाई. माल मार्गी लावून वीरसिंगने त्यांना बोळात आणलं. जाहिदने दुकानातली मोटार बाजूला सारून वाट करून दिली. आत येऊन त्या खुर्चीवर न बसता पेटीशेजारी खालीच बसल्या आणि अतिकाच्या हातात पळसाच्या पानात बांधलेली पुडी ठेवली.

"घरच्यासाठी. डाळीत घाल."

"मावशी, माझ्यामुळेच सगळं अडलं होतं," अतिका म्हणाली. "मीच पांढरं केलं होतं."

"तू डोंगर चढून विचारायला आली. टेम्पोवाला इतकी वर्षं यायचा, त्याने कधी विचारलं नाही आम्ही कसं मांडतो ते."

वाहिदभाई इतका वेळ रूपलीबाईंच्या मनगटाकडे बघत होते. "सव्वादोन," ते एकदम म्हणाले. "बहीण, तुन्हा हातले सव्वादोननी बांगडी लागस. मी म्हसावदला बसायचो, चिंचेखाली."

"चिंचेखाली?" रूपलीबाईंनी त्यांना निरखलं. "तो लांब दाढीवाला? बांगडी फुटली तर पैसे मागायचा नाही, तो?"

"दाढी आता आखूड केली."

पुन्हा लॅपटॉप उतरला, पेटी उघडली. तळाशी हिरव्या काचेच्या मोजक्या बांगड्या उरल्या होत्या. वाहिदभाईंनी चार काढल्या, पण हात असा हलू लागला की बांगड्याच किणकिणायला लागल्या. रूपलीबाईंनी त्या त्यांच्या हातातून अलगद घेतल्या. "दे. मीच घालते. तू नुसतं बघ, बरोबर जाते का."

"हात ढिला सोड," वाहिदभाई म्हणाले.

त्या गेल्यावर अतिकाने साइटची रंगांची फाइल उघडली. हिरव्या रंगाचा आकडा जिथे होता, त्या ओळीच्या वर तिने एक चिठ्ठी लिहिली. यंत्राने वगळून पुढे जावं अशी, मागून येणाऱ्यासाठी. मग ती वडिलांना वाचून दाखवली.

'हा रंग बदलू नये. तोरणमाळच्या रूपलीबाईंनी पळसाचं पान पडद्याला लावून तो निवडला आहे. फिका माल गडद रंगावर मांडावा, आणि दोन फोटोंमध्ये जागा सोडावी, ही शिकवण माझे अब्बा वाहिदभाई यांची. दोघांचे आभार.'

वाहिदभाईंनी चष्मा वर सरकवला. "हे साइटवर दिसणार?"

"नाही, अब्बा. कुणी फाइल उघडली तरच."

"मग उपयोग काय?"

"तुमचं फडकं तरी गिऱ्हाइकाला कुठे दिसायचं? त्याला बांगडी दिसायची."

त्यांनी उघड्या पेटीतलं फडकं काढून झटकलं. मग ते त्याची घडी घालू लागले. घडी काही जमेना, तेव्हा अतिकाने एक टोक धरलं.

"रूपलीबाईंचं नाव आधी लिहिलंस ना?" त्यांनी विचारलं.

"आधीच लिहिलंय."

"मग ठीक आहे," वाहिदभाई म्हणाले, आणि फडकं पेटीत ठेवून त्यांनी झाकण लावलं.